‘जुळ्या आल्या!’ – दोघींना त्यांचं त्यांचं नाव कधी मिळणार?

मनीषनगरची_आई | ११ जून, रात्री १०:४०

नमस्कार. हा धागा काढायचं कितीतरी दिवसांपासून मनात होतं. आज दोघी झोपल्या, कूलरही जरा शांत चालतोय, म्हणून लिहायला बसले.

मला साडेपाच वर्षांच्या जुळ्या मुली आहेत. एकसारख्या दिसणाऱ्या, पोटात एकाच वारेवर (प्लासेंटावर) वाढलेल्या. जन्मल्या तेव्हा एक २.२ किलोची आणि दुसरी १.७ किलोची होती, आता तोही फरक उरला नाही. इथे नावं लिहीत नाही, थोरली आणि धाकटी म्हणते. दोघींत चार मिनिटांचं अंतर आहे.

मे महिन्यात घरात लग्न झालं. त्याचा अल्बम परवा आला. धाकटीने एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, "आई, यातली मी कोणती?" लग्नात मोठ्या आईने दोघींना एकाच ताग्यातले परकर-पोलके शिवले होते, वेण्याही सारख्याच. मी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मला ओळखता येईना. "ही," म्हणून अंदाजाने बोट ठेवलं. तिने फोटोकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आई अंदाज करतेय हे तिला कळलं होतं. मग अल्बम मिटून ती आतल्या खोलीत निघून गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. आठवून पाहिलं तर असं किती काय घडलेलं सापडतं. सोसायटीत पाय ठेवला की "जुळ्या आल्या!" खाऊ दिला तर "घ्या ग जुळ्यांनो". केजी-दोनच्या प्रगतिपत्रकात बाईंचा शेरा दोघींना शब्दशः एकच, स्वल्पविरामासकट. आणि एक गोष्ट माझ्या हातून झालेली. दोघींना ताप होता, मी आणि नवरा आळीपाळीने जागत होतो, आणि रात्री तीनला कळलं की दोघांनीही थोरलीलाच तापाचं औषध पाजलंय, धाकटी तशीच तापलेली. डॉक्टरांना फोन केला, नशिबाने काही झालं नाही. पण ती रात्र विसरता येत नाही.

आता महिनाअखेरीस शाळा सुरू होईल. पहिलीच्या दोन तुकड्या आहेत. शाळेने विचारलंय, एका तुकडीत ठेवायच्या की वेगवेगळ्या? २० तारखेपर्यंत कळवायचं आहे. नवऱ्याचं म्हणणं वेगळ्या ठेवू. सासूबाई म्हणतात, "काऊन तोडून राहिले पोरींना?" मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच ठरत नाही. ज्यांच्या घरी जुळे आहेत, किंवा जे स्वतः जुळे आहेत, त्यांनी कृपया लिहा.

तर्रीपोहे | ११ जून, रात्री ११:१५

पहिलं काम, सारखे कपडे बंद करा. माझ्या बहिणीने जुळ्या मुलांच्या बारशालाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की सारखं काही आणू नका. आणलंच तर एकाचं ठेवायचं आणि दुसरं बदलून आणायचं. दोन-तीन दिवाळ्यांत नातेवाइकांना सवय झाली.

महालचा_नकुल | १२ जून, सकाळी ७:०५

ताई, मी स्वतः जुळा आहे. वय ४१. भाऊ आणि मी अगदी एकसारखे. हे टोपणनाव मुद्दाम घेतलंय, त्याचं कारण पुढे लिहितो.

आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात, एका बाकावर बसलो. वर्गाचा मला त्रास झाला नाही, त्रास झाला तुलनेचा. दोन सख्ख्या भावांच्या मार्कांची तुलना होते तेव्हा निदान वय वेगळं, इयत्ता वेगळी असते. आमच्याकडे तीच तारीख, तेच शिक्षक, तीच प्रश्नपत्रिका. दहावीला भावाला माझ्यापेक्षा सहा टक्के जास्त मिळाले. पेढे वाटताना आलेला प्रत्येक जण आधी त्याचे टक्के विचारी, मग माझ्याकडे वळून "आणि याला?" त्या दिवशी भाऊही धड आनंदी नव्हता. त्याने पेढा हातात घेतला आणि तसाच खिशात ठेवला, मला अजून आठवतं.

दुसरी गोष्ट वाट्याला आलेल्या स्वभावाची. लोकांना आम्हाला ओळखायला खूण हवी होती, म्हणून भाऊ ‘हुशार’ झाला आणि मी ‘मस्तीखोर’. पाच वर्षांच्या पोराला लावलेलं ते लेबल मी विशीपर्यंत निभावलं. मला चित्रं काढायला आवडायची, तासन्‌तास शांत बसायला आवडायचं. पण शांत तर भाऊ होता, ती जागा गेलेली होती. म्हणून सांगतो, मुली वेगळ्या आहेत हे दाखवण्याच्या नादात एकीला ‘शांत’ आणि दुसरीला ‘बोलकी’ करून टाकू नका. सारखे कपडे निदान संध्याकाळी उतरवता येतात.

बारावीनंतर भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, मी इथेच राहिलो. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मेसमध्ये कोणाशेजारी बसायचं तेच समजत नाही." अठरा वर्षांत त्याला कोणाशी ओळख करून घ्यायची वेळच आली नव्हती, मैत्री आईच्या पोटातूनच सोबत आलेली. त्याला वर्षभर जड गेलं. एकट्याने दुकानात जाणं, एकट्याने मामाकडे राहणं हे आम्हाला लहानपणी थोडं थोडं मिळालं असतं तर ते वर्ष इतकं जड गेलं नसतं.

आता टोपणनावाचं. आजी आम्हाला नकुल-सहदेव म्हणायची. महाभारतात हे दोघे बहुतेक वेळा जोडीनेच येतात. पण अज्ञातवासात विराटाच्या घरी राहायची वेळ आली तेव्हा नकुल ‘ग्रंथिक’ नाव घेऊन घोड्यांकडे गेला आणि सहदेव ‘तंतिपाल’ होऊन गाईंकडे. एकच राजवाडा, पण नाव वेगळं आणि काम ज्याला जे येतं ते. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. का आवडायची ते मोठेपणी उमगलं.

आणि ताई, एक विचारू का? चार मिनिटांसाठी एक थोरली आणि एक धाकटी कशाला? भाऊ माझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठा. त्या सात मिनिटांपायी त्याला जन्मभर "तू मोठा आहेस, सोड" ऐकावं लागलं.

मनीषनगरची_आई | १२ जून, दुपारी १:३०

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. घरी आम्ही खरंच म्हणतो, "तू ताई आहेस ना, दे तिला." आत्तापर्यंत ते मला कौतुकाचं वाटत होतं. इथून पुढे मी दोघींना ‘म’ आणि ‘अ’ लिहीन, नावांची पहिली अक्षरं आहेत. म म्हणजे जिला थोरली म्हणत होते ती.

संत्रा_बर्फी | १२ जून, दुपारी ३:१०

माझा थोडा वेगळा सूर आहे, राग मानू नका. मी दोन जुळ्या नातींची आजी. देवाने जोडीने पाठवलं आहे तर जोडीने वाढू द्यावं असं मला वाटतं. आमच्या दोघी एकमेकींचा हात धरून झोपतात. एकीला लागलं तर दुसरीच्या डोळ्यांत पाणी येतं. अशी सोबत जगात किती जणांना मिळते? आजकाल सगळ्यांना वेगळं वेगळं करायची घाई झाली आहे. सारख्या फ्रॉकमध्ये दोघी समोरून येतात तेव्हा माझा जीव सुपाएवढा होतो. त्यात काय चुकलं?

महालचा_नकुल | १२ जून, सायंकाळी ६:२०

आजी, काहीच चुकलं नाही. आजही दिवसातून दोनदा भावाचा फोन येतो आणि नाही आला तर मला जेवण जात नाही. ती सोबत कोणी काढून घ्यावी असं मी म्हणतच नाही. फक्त कधीतरी एकीलाच मांडीवर घेऊन तिची एकटीची गोष्ट ऐका. दोघींना एकदम जवळ घेतलं की दोघींनाही अर्धी आजी मिळते.

बोलते_व्हा | १३ जून, सकाळी ११:००

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नागपुरात धंतोली भागात काम करते. जुळी मुलं माझ्याकडे बरीच येतात, म्हणून बोलण्याच्या अंगाने लिहिते.

जुळी मुलं पुष्कळदा थोडी उशिरा बोलतात. एक कारण, ती बहुधा दिवस भरायच्या आधी जन्मतात. तशा बाळांचं वय पहिली दोन वर्षं प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावं लागतं, नाहीतर उगाच घाबरायला होतं. दुसरं कारण घरातलं आहे. एका बाळाशी आई जितकं बोलते, तितक्याच वेळात आता दोघांशी बोलायचं असतं, आणि बोलणंही बरंचसं दोघांना मिळून होतं: "चला, जेवा, झोपा." प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून, त्याच्या उत्तराची वाट पाहून झालेलं बोलणं कमी पडतं. शिवाय दोघांचं एकमेकांत भागतं. अर्ध्या शब्दात, खुणेत, कधी स्वतःच तयार केलेल्या शब्दांत. घरच्यांना गंमत वाटते, "यांची वेगळीच भाषा आहे". बहुतेकांची ती भाषा मोठी होता होता आपोआप मागे पडते. पण बाहेरच्या माणसाला दोघांचंही बोलणं समजत नसेल तर थांबू नका, एकदा दाखवून घ्या. कान आधी तपासा.

माझ्या खोलीत रोज दिसणारी गोष्ट म्हणजे एक बोलतो आणि दुसरा त्याला बोलू देतो. मी विचारते, "तुला काय आवडतं?" उत्तर शेजारच्याकडून येतं, "त्याला आंबा आवडतो." आईवडीलही मान डोलावतात. तेव्हा प्रश्न विचारताना आधी नाव घ्या, मग प्रश्न विचारा, मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. दुसऱ्याने उत्तर दिलंच तर रागावू नका, "आता तिची पाळी, मग तुझं ऐकते," एवढंच म्हणा. आणि तुम्ही त्यांना हाक मारता कशी तेही एक दिवस ऐकून बघा. "पोरींनो" किती वेळा आणि नाव घेऊन किती वेळा?

तापाच्या औषधाबद्दल: फ्रिजवर दोन रंगांचे कागद लावा, प्रत्येकीचा एक. औषध, वेळ, कोणी दिलं. दिल्या दिल्या लिहायचं. आणि एकसारख्या जुळ्यांत एकीला चश्मा लागला तर दुसरीचे डोळेही तपासून घ्यावेत, जनुकं जवळपास सारखीच असतात. मात्र ‘एकीला जे दिलं तेच दुसरीलाही’ असं स्वतःच्या मनाने औषध देऊ नका.

नागपूर_ते_मिनेसोटा | १३ जून, रात्री ९:४५

मूळ धरमपेठची, सध्या अमेरिकेत मिनेसोटात. माझे जुळे मुलगा-मुलगी आहेत. शाळेच्या प्रश्नावर थोडं लिहिते.

इथे पूर्वी बऱ्याच शाळा जुळ्यांना सरसकट वेगळ्या वर्गात घालत. पालकांनी आवाज उठवला आणि २००५ मध्ये मिनेसोटाने कायदा केला की जुळ्यांना एका वर्गात ठेवायचं की वेगळ्या, यात पालकांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. मग इतर काही राज्यांनीही केले.

आणि वेगळं ठेवल्याने अभ्यास सुधारतो किंवा एकत्र ठेवल्याने बिघडतो, यातलं काहीच ठामपणे दिसलेलं नाही. इंग्लंड-वेल्समधल्या आणि कॅनडातल्या क्यूबेकच्या हजारो जुळ्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सात ते सोळा वर्षांपर्यंतची मुलं पाहिली. गुण, आकलन, अभ्यासाची ओढ, कशातच एक वर्ग किंवा दोन वर्ग यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणून या निर्णयाचं एवढं ओझं घेऊ नका. कोणताही एक नियम सगळ्या जुळ्यांना लागू पडत नाही. तुमच्या मुलींकडे बघून ठरवा, आणि पुढच्या वर्षी बदलायची मुभा आहे का हे शाळेला आत्ताच विचारून ठेवा.

बालवाडीच्या_बाई | १४ जून, सकाळी ८:२०

तीस वर्षं बालवाडी शिकवली. त्या ‘एकच शेरा’ प्रकाराचं वाचून वाईट वाटलं, असं व्हायला नको होतं. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा आणि प्रत्येकीची अशी एक खूण सांगा जी मुलीसोबतच असते. कानामागचा तीळ, भोवरा, डाव्या हाताने लिहिणं, काहीही. लाल रिबन-निळी रिबन ही खूण सांगू नका. पोरी मधल्या सुट्टीत रिबनी बदलतात. माझ्या वर्गात दोघा भावांनी दिवसभर एकमेकांच्या नावाने हजेरी दिली होती, मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईकडून समजलं.

आणि पालकसभेला दोघींसाठी एकच वेळ घेऊ नका. दहा-दहा मिनिटं वेगळी मागा. शिक्षकाला मग दोघींबद्दल वेगळा विचार करावाच लागतो.

वाडीचा_तिळ्या_बाप | १४ जून, दुपारी २:५०

आमच्याकडे तिळे आहेत, दोन मुलं आणि एक मुलगी, आता आठ वर्षांचे. इथे ‘जुळी’ पण म्हणत नाहीत, थेट "टीम आली".

भौ, मोठमोठ्या गोष्टी आपल्याच्यानं होत नाहीत. मी खासगी नोकरीत, बायको शिवणकाम करते. पण शनिवारी संध्याकाळी एक जण माझा, हे चार वर्षांपासून चालू आहे. कॅलेंडरवर नावं लिहिलेली असतात. लोकमान्य नगरहून मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला उतरायचं, फिरायचं, परत यायचं. कुठे जायचं आणि काय खायचं ते ज्याची पाळी त्यानं ठरवायचं. एकाला फक्त मेट्रोतच बसायचं असतं, तो उतरतच नाही. दुसऱ्याला महाराजबागेत तोच प्राणी दर वेळी पाहायचा असतो. मुलगी सगळ्या रस्ताभर बोलते, आणि घरी हीच सगळ्यात गप्प! हे आम्हाला पाचव्या की सहाव्या शनिवारी कळलं. मायला तर खरंच वाटेना.

पहिले दोन महिने घरी थांबलेले दोघे रडले. मग त्यांनाही कळलं की आपला शनिवार येणार आहे.

वाढदिवसाला केक एकच आणतो, तीन परवडत नाही. पण ओवाळणं तिघांचं वेगळं, गाणं तीनदा म्हणायचं, तीनदा मेणबत्ती विझवायची. पाहुण्यांना आधी कंटाळा येई. आता तेच मोजतात, "अजून एकाचं राहिलं".

मनीषनगरची_आई | १९ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही असं ठरवलं आहे की पहिलीचं वर्ष एकाच तुकडीत, पण बाक वेगळे. दुसरीत पुन्हा विचार करू, शाळेने तसं चालेल असं सांगितलं. ‘म’ कुठे दिसली नाही की ‘अ’ला अजून मळमळल्यासारखं होतं. ती तयार नसताना मला ओढायचं नाही.

बोलते_व्हा ताई, तुमचं ऐकून एक दिवस मोजलं. संध्याकाळी सहा ते नऊ. "पोरींनो" एकतीस वेळा. नाव घेऊन हाक सात वेळा, त्यातल्या पाच रागावताना.

महालचा_नकुल | २० जून, सकाळी ६:५०

ताई, एक सुचवतो. पाच वर्षं झाली की आधारसाठी मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं नोंदवावी लागतात, त्याआधीच्या बाल आधारला ती घेत नाहीत. तुमच्या राहिल्या असतील तर दोघींना सोबत न्या आणि तिथे नीट समजावून सांगा. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. आईच्या पोटातच प्रत्येक बोटावर वेगळ्या रेषा उमटतात, एकाच वारेवर वाढले तरी. मला हे पंचविसाव्या वर्षी कळलं. बराच वेळ स्वतःचा अंगठा बघत बसलो होतो.

मनीषनगरची_आई | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

दोन महिन्यांनी येतेय. काहींनी निरोपातून विचारलं होतं म्हणून लिहिते.

आधारचं काम जुलैत केलं. घरी आल्यावर दोघींनी अंगठ्यांना शाई लावून कागदभर ठसे उठवले आणि भिंग घेऊन बसल्या. म म्हणाली, "माझ्यात भोवरा आहे, तिच्यात डोंगर आहे." तो कागद अजून फ्रिजवर आहे, औषधांच्या दोन कागदांच्या शेजारी. लग्नाचा अल्बमही पुन्हा काढला. मोठ्या आई, नवरा, मी, सगळे मिळून अर्धा तास शोधत बसलो. शेवटी बांगड्यांवरून सापडलं. त्या दिवशी मी चुकीचीच दाखवली होती. ‘अ’ला तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

शनिवारची पाळी आम्हीही सुरू केली. सोपं नाही. दोन वेळा पावसात गेली, एकदा मी थकून टाळली आणि त्याची शिक्षा आठवडाभर भोगली. पण म एकटी असली की गाणी म्हणते हे मला साडेपाच वर्षांत माहीत नव्हतं. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. आता त्याच रोज दुपारी एकीला घेऊन पोथी वाचायला बसतात, दुसऱ्या दिवशी दुसरीला.

काल तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा झाला. दरवर्षी दोघी मिळून एकच लाकडी नंदी ओढतात. या वर्षी दोन आणले, ज्याचा त्याने सजवायचा. पण म सकाळीच आबाजींसोबत मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला महालात गेली, पिवळी आणि काळी दोन्ही पाहून, घसा बसेस्तोवर "घेऊन जा गे मारबत" ओरडून घरी आली आणि जी झोपली ती संध्याकाळी उठेना. अ नवा फ्रॉक घालून दारात उभी. मला वाटलं आता रडणार. ती जरा वेळ झोपलेल्या ‘म’कडे बघत राहिली, मग स्वतःच्या नंदीची दोरी उचलली आणि म्हणाली, "चल आई, उशीर होऊन राहिला."

खालच्या काकूंकडे गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे दारातूनच विचारलं, "अग बाई, दुसरी कुठे?" मी तोंड उघडणार तेवढ्यात, बोलते_व्हा ताई, मला तुमचे दहा आकडे आठवले. मी थांबले. ती म्हणाली, "म झोपली आहे. ती मारबत पाहून थकली." मग तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, आणि बोजाऱ्यासाठी, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना देतात त्या खाऊ-पैशांसाठी, हात पुढे केला.

काकूंनी बोजारा दिला. ती म्हणाली, "आता ‘म’चा पण द्या, मी नेऊन देते."